एका बाकावरचे दोघे



आयुष्यभर बाराखडी आणि पाढे घोकवून घेतलेल्या, साठी उलटून गेलेल्या एका मास्तराने जपानी चित्रकथेवर बोलावयास ध्वनिक्षेपकापुढे बसावे, याचे आपणांपैकी पुष्कळांस नवल वाटेल. ते मलाही वाटले. परंतु विषय आपण होऊन माझ्याकडे चालत आला. दिवाळीच्या सुटीत माझी नात पुण्याहून जेऊरला आली, ती सोबत एक पुस्तक घेऊन आली. दुपारी घरातील मंडळी कलंडली असता मी ते सहज चाळावयास घेतले, आणि पहिले पान म्हणून जे उघडले ते नेमके शेवटचे निघाले. "आबा, ते उजवीकडून उघडायचं असतं," ती हसत म्हणाली. मी उजवीकडून उघडले. पुस्तक इंग्रजी भाषांतराचे होते. माझे इंग्रजी जुन्या अकरावीपुरते, त्यामुळे वाचन सावकाश चालले. दिवेलागणीच्या सुमारास ते संपले, आणि त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. झोप का आली नाही ते पुढे सांगेन. आधी पुस्तकाची ओळख करून देणे क्रमप्राप्त आहे.

पुस्तकाचे मूळ नाव 'दोक्यूसेइ'. या जपानी शब्दाचा अर्थ एकाच इयत्तेत शिकणारा, आपल्या भाषेत वर्गबंधू. कर्त्या असुमिको नाकामुरा. ही कथा 'ओपेरा' नावाच्या एका जपानी नियतकालिकात क्रमशः आली आणि २००८ साली पुस्तकरूपाने निघाली. पुढे २०१० साली तिचा उत्तरार्ध 'सोत्सुग्योसेइ' या नावाने दोन भागांत आला. त्या शब्दाचा अर्थ शाळेचे शिक्षण पुरे करून बाहेर पडणारा विद्यार्थी. एका भागाचे नाव हिवाळा व दुसऱ्याचे वसंत. शाळेच्या शेवटच्या वर्षातील हेच दोन ऋतू, आणि सर्व कथा त्या दोहोंच्या सांध्यावर उभी आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत शोको नाकामुरा यांनी दिग्दर्शित केलेला तिचा सुमारे एक तासाचा चित्रपटही जपानात प्रदर्शित झाला.

अशा चित्रकथेस जपानी लोक 'मांगा' म्हणतात. हा शब्द तसा जुना आहे. होकुसाई या थोर चित्रकाराने आपल्या रेखाटनांच्या संग्रहांस तेच नाव दिले होते, आणि त्यांतील पहिला संग्रह १८१४ साली छापला गेला. आजची मांगा मात्र मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर वाढली. ती बहुधा काळ्या शाईत छापतात, मासिक-साप्ताहिकांत हप्त्याहप्त्याने देतात, आणि वाचकांस रुचली तर तिचे पुस्तक करतात. पोरांचा खेळ म्हणून ती बाजूस सारावयाची असेल, तर ओसामु तेझुका यांनी १९७२ पासून १९८३ पर्यंत भगवान बुद्धाचे चरित्र याच प्रकारात चितारले, हे आधी ध्यानात घ्यावे. आपल्याकडे शि. द. फडणीस यांनी एका शब्दावाचून, केवळ चित्रावर, घरोघरच्या माणसांस हसविले. मांगाची जातही त्यापासून फार दूरची नव्हे. भेद एवढाच की, फडणीसांच्या एका चित्रात जे घडते ते येथे शंभर चित्रांवर पसरलेले असते, आणि दोन चित्रांमधील कोऱ्या जागेत काय घडले ते वाचकाने समजून घ्यावयाचे असते. ही कोरी जागा वाचावयास शिकणे हेच नवशिक्याचे खरे काम. उजवी-डावी अर्ध्या तासात अंगवळणी पडते.

आता कथा. मुलांची एक शाळा आहे. वर्गाच्या समूहगायनाची तालीम चालू आहे. वर्गात पहिला येणारा, चष्मा लावणारा, कोणाशी फारसे न बोलणारा रिहितो साजो ओठ मिटून उभा आहे, असे हिकारू कुसाकाबे नावाच्या मुलाच्या दृष्टीस पडते. हा कुसाकाबे गिटार वाजविणारा, मित्रांच्या वाद्यवृंदात रमणारा, केस रंगविलेला. अभ्यासाचे त्याला वावडेच. हुशार मुलगा शिष्टपणाने गात नाही, असा त्याचा ग्रह होतो. पुढे एके दिवशी शाळा सुटल्यावर तो रिकाम्या वर्गाशी येतो, तो तोच साजो एकटाच ते गाणे म्हणण्याची खटपट करीत असलेला त्यास दिसतो. गर्वामुळे नव्हे, तर येत नाही म्हणून तो गप्प होता! कुसाकाबे त्याला गाणे शिकवू लागतो. शिकविता शिकविता त्याच्या ध्यानात येते की, आपण रोज शाळा सुटण्याची वाट पाहतो ती गाण्यासाठी नव्हे.

कथा म्हणाल तर एवढीच. यापुढे जे काही आहे ते हात धरावा की धरू नये, चुंबन घेतल्यावर उद्या वर्गात कसे पाहावे, दुसरा रागावला आहे की केवळ थकला आहे, अशा बारीकसारीक गोष्टींचे आहे. खलनायक नाही, गावजेवणासारखी गर्दी नाही, आत्मघात नाही. आणि सर्वांवर एक सावली आहे: साजो क्योतोच्या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत आहे, आणि कुसाकाबेला कोठल्याच विद्यापीठात जावयाचे नाही. त्याला गाणे करावयाचे आहे. शाळा संपली की एक येथे आणि एक तेथे.

हारा नावाचा एक संगीतशिक्षकही या कथेत आहे. स्वतः त्याच स्वभावाचा, आणि साजोविषयी त्याचे मन मुळीच निर्लेप नाही. लेखिकेने त्याला वाईट रंगविलेले नाही, बराचसा करुण रंगविला आहे. परंतु मी पस्तीस वर्षांहून अधिक काळ खडू हाती धरला, त्यामुळे हा भाग मला खटकला तो खटकलाच. दोन मुलांचे एकमेकांवर मन जडणे निराळे आणि शिक्षकाचे विद्यार्थ्यावर जडणे निराळे. दुसऱ्या ठिकाणी सत्ता एका बाजूस असते. नातीशी यावर माझा थोडा वादही झाला. "पण आबा, तो स्वतःला आवरतो ना!" हे तिचे म्हणणे, आणि त्याला तशी वेळच येऊ नये हे माझे.

आता आपण विचाराल की, दोन मुलांची प्रेमकथा एका स्त्रीने का लिहिली, आणि माझ्या नातीसारख्या मुली ती का वाचतात? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कथेहून कमी मनोरंजक नाही. १९७० च्या सुमारास जपानात मुलींसाठी निघणाऱ्या साप्ताहिकांत काही अगदी तरुण लेखिकांनी प्रवेश केला. मोतो हागिओ या १९४९ सालच्या, केइको ताकेमिया १९५० सालच्या. काही काळ त्या तोक्योच्या ओइझुमी भागातील एका घरात एकत्र राहत असत. मुलींच्या कथांचा साचा तोवर ठरून गेला होता: नायिकेने वाट पाहावयाची, नायकाने यावयाचे, शेवटी लग्न. हागिओ यांनी वसतिगृहातील शाळेवर एक कथा योजिली, तेव्हा आधी ती मुलींची म्हणून लिहून पाहिली. परंतु ती गुदमरल्यासारखी होऊ लागली, म्हणून त्यांनी पात्रे मुलगे केले, आणि कथेला मोकळा वारा मिळाला. १९७१ साली ती प्रसिद्ध झाली. त्याच मुशीतून १९७४ साली त्यांची 'थॉमसचे हृदय' ही दीर्घ कथा आली. ती जर्मनीतील मुलांच्या एका वसतिशाळेत घडते. मुलांच्या शाळेतील अशाच मैत्रीवरील एक फ्रेंच चित्रपट, जो १९६४ साली निघाला होता, तो पाहून हागिओ यांच्या मनात या कथेचे बीज पडले.

वाचणाऱ्या मुलीला यात काय मिळत असेल? मला वाटते, मोकळीक. दोघेही मुलगेच असल्यामुळे 'मुलीने कसे वागावे' हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. दोघे बरोबरीचे, कोणी कोणास सांभाळावयाचे हे जन्माने ठरलेले नाही. ज्या मुलीला घरीदारी, शाळेत, नातेवाइकांत, पावलोपावली मुलगी असल्याची आठवण करून दिली जाते, तिला अशा कथेत थोडा वेळ नुसते माणूस होऊन प्रेमाचा विचार करिता येतो. ताकेमिया यांना त्यांची १९७६ ची दीर्घ कथा छापून घेण्यासाठी संपादकांशी काही वर्षे झगडावे लागले. त्याच बाई पुढे क्योतो सेइका विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि २०१४ साली त्या विद्यापीठाच्या अध्यक्षा झाल्या. मास्तरकीच्या पेशातील माणसाला अशी गोष्ट ऐकून बरे वाटते.

या वाङ्मयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुरुषावर प्रेम करणाऱ्या प्रत्यक्ष जपानी पुरुषांपैकी काहींनी १९९२ पासून उघड तक्रार केली की, या कथा आमच्याविषयी नाहीतच. आमचे नाव घेऊन दुसऱ्यांनीच आपली करमणूक चालविली आहे. त्या वादाने लेखिकाही विचारात पडल्या. या प्रकारची कित्येक पुस्तके आजही भडक असतात, आणि त्यांत बळजबरीला प्रेम म्हटलेले असते. 'दोक्यूसेइ' त्या पंगतीत बसत नाही. तिच्यात घाई नाही. घाई नसणे हाच तिचा मोठा गुण. ज्या घरांत अशी पुस्तके येतात त्या घरच्या वडील मंडळींनी पुस्तक हिसकावून घेण्याऐवजी वेष्टनावर वयाची मर्यादा छापलेली असते ती पाहावी, आणि जमल्यास दहा पाने स्वतः वाचावी. त्याने मुलांशी बोलावयास काहीतरी मिळते.

शाळेचे शेवटचे वर्षच अशा कथांना का प्रिय असावे, हा विचार मला मास्तर म्हणून अधिक महत्त्वाचा वाटला. जपानात शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. निरोपाचे दिवस आणि चेरीच्या फुलांचे दिवस जवळजवळ एकच. तेथील मुलांच्या जुन्या धर्तीच्या गणवेशाला, गळाबंद काळ्या कोटाला, पुढे एका ओळीत बटणे असतात. निरोपाच्या दिवशी आवडत्या व्यक्तीला वरून दुसरे बटण तोडून द्यावयाचे, अशी तेथे चाल आहे. ते हृदयाच्या सर्वांत जवळचे असते म्हणून. आपल्याकडे बटणे कोणी तोडत नाही. आपल्याकडे निरोप-समारंभ होतो, पेढा मिळतो, स्वाक्षरीच्या वह्या फिरतात, आणि मुले एकमेकांस 'विसरू नकोस' असे लिहून देतात. नंतर मार्चची परीक्षा.

शाळा दोन मुलांना एका बाकावर बसविते. कोणाच्या घरी किती जमीन, कोणाची जात काय, कोणाला गाता येते आणि कोणाला येत नाही, हे ती बसविताना बाहेर ठेवते; निदान ठेवावयास हवे. दोघे रोज भेटतात, कारण रोज भेटण्यास कारण आहे: तास आहे, घंटा आहे, हजेरी आहे. परीक्षा संपली की ते कारण संपते. त्यानंतर भेटावयाचे असेल तर कारण स्वतःच निर्माण करावे लागते, आणि ते दुसऱ्यास सांगता यावे लागते. मुलगा आणि मुलगी असती तर जगाने त्यांना विरोध केला असता, परंतु निदान नाव दिले असते. या दोघांस नावच नाही. 'मित्र' म्हणावे तर ते अपुरे, आणि त्याहून अधिक म्हणावे तर म्हणणार कोण?

येथे मला झोप का आली नाही ते सांगावयास हवे.

१९७५ साली मी जुन्या अकरावीत होतो. शाळेचे नाव सांगत नाही. आमच्या वर्गात दोन मुले होती. एकाचे गाव शाळेपासून दूर, भीमेच्या काठी होते, आणि त्याच्याकडे सायकल होती. दुसऱ्याचे वस्तीवरचे घर त्याच्या वाटेवर लागे. पहिला रोज त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत आणी. दुसऱ्याचे अक्षर मोत्यासारखे; तो पहिल्याच्या शास्त्राच्या वहीत आकृत्या काढून देई. दोघे एका फडक्यातून भाकरी खात. परीक्षा जवळ आली तेव्हा घरी वीज नसलेली आम्ही काही मुले रात्री जेऊर स्टेशनच्या फलाटावर दिव्याखाली अभ्यासाला जात असू. हे दोघेही येत. गाडी आली की आम्ही सर्व डोके वर काढून डबे पाहत असू. ते दोघे पाहत नसत. एक मोठ्याने वाची, दुसरा डोळे मिटून ऐके, आणि ऐकता ऐकता त्याचे डोके पहिल्याच्या खांद्यावर टेके. त्यात लपविण्यासारखे काही आहे असे त्यांस वाटत नव्हते.

एके सकाळी पहिल्या तासाआधी फळ्यावर त्या दोघांची नावे लिहिलेली आढळली. एका नावामागे 'चि.' आणि दुसऱ्यामागे 'चि. सौ. कां.' असे लग्नपत्रिकेप्रमाणे होते. वर्ग खो खो हसला. सर आले, त्यांनी वाचले, पुसले, आणि कोणाला काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोघांचे बाक बदलले गेले. सायकल त्यानंतरही येत राहिली, पण दांडी रिकामी. दुसरा पायी येऊ लागला, मग एक दिवसाआड येऊ लागला. मार्चमध्ये तो परीक्षेला बसला. इंग्रजीच्या व गणिताच्या पेपरांना आला नाही.

फळ्यावरचे अक्षर माझे होते.

मी ते कोणत्याही दुष्टाव्याने लिहिले नव्हते, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितले. थट्टा म्हणून लिहिले. त्या दोघांमध्ये काय होते, मैत्री की आणखी काही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आजही नाही. आणि ठाऊक नसताना मी ते सर्वांसमोर लिहिले. पुढे मी स्वतः मास्तर झालो. वर्गात शिरताना प्रथम फळ्याकडे पाहण्याची मला सवय जडली, ती सेवानिवृत्तीपर्यंत सुटली नाही. सायकलवाला गृहस्थ मला पंधराएक वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला. पंगतीत शेजारीच बसला होता. मी विषय काढीन काढीन म्हणतो तोवर तो उसाच्या बिलाविषयी बोलू लागला, आणि जेवण आटोपले.

जपानी पुस्तकात असा फळा नाही. कदाचित म्हणूनच ते वाचून मला अधिक लागले. त्या दोन मुलांच्या वाटेत लेखिकेने फळा आणला नाही. त्यांना आपापसांत चुकावयास, रुसावयास, पुन्हा जवळ यावयास वेळ दिला. कोणी म्हणेल, हे वास्तव नव्हे. नसेल. परंतु आमच्या वर्गात ते का वास्तव होऊ शकले नसते, याला मजजवळ उत्तर नाही.

मराठीत या विषयावर कोणी लिहिलेच नाही असे मात्र नव्हे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. लोक लाजेने कोणासही विचारीत नसत असे प्रश्न वाचक त्यांना पत्राने विचारीत, आणि ते शास्त्राच्या आधारे सरळ उत्तर देत. १९३४ साली अशा उत्तरांवरूनच त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, मासिक चालू राहिले. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यातील मित्रा ही कॉलेजात शिकणारी, दुसऱ्या मुलीवर जीव लावणारी तरुणी. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ ची. तीत पुण्यातील एका घरात भाडेकरू म्हणून आलेल्या तरुणावर त्या घरचा मुलगा आणि मुलगी या दोघांचेही प्रेम बसते. ही सर्व मंडळी शहरातील होती. खेड्यातील, भाकरी बांधून शाळेत जाणाऱ्या मुलांची गोष्ट मागेच राहिली होती.

ती उणीव थोडीबहुत अलीकडे भरून निघाली. रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखविला गेला आणि तेथे जागतिक कथापटांच्या विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक त्याने मिळविले. मराठी चित्रपटाचा त्या महोत्सवातील तो पहिलाच प्रवेश. वडील वारल्यामुळे आनंद नावाचा तरुण मुंबईहून संगमनेर तालुक्यातील आपल्या गावी दहा दिवसांच्या सुतकासाठी येतो, आणि तेथे त्याला लहानपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो. बाळ्या शेती करतो. नातेवाईक दोघांच्याही लग्नाची भुणभुण लावतात. आनंदच्या आईला मुलाचे मन ठाऊक आहे. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. वारा, पाखरे, माणसांचे बोलणे एवढेच ऐकू येते. निवडुंगाची लाल बोंडे आपण सर्वांनी लहानपणी खाल्ली आहेत. वरची बारीक कुसे नीट काढल्याशिवाय ती तोंडात घालता येत नाहीत. बाळ्या आपल्या मित्रासाठी ती आणतो. 'दोक्यूसेइ'मधले दोघे मोठे होऊन, तीस वर्षांचे होऊन, नगरकडच्या माळावर भेटले असते तर असेच काहीसे बोलले असते, असे मला पाहताना वाटले.

हा चित्रपट त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला, तेव्हा तो सादर करणाऱ्यांत नागराज मंजुळे यांचे नाव होते. आम्हा जेऊरकरांना ते वाचून जरा अधिक आनंद झाला, कारण मंजुळे मूळचे जेऊरचे. त्यांच्या २०१३ सालच्या 'फँड्री'त जब्या शाळेतल्या मुलीवर जीव टाकतो, आणि काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडताना त्याच्या सोबत त्याचा मित्र पिऱ्या असतो. २०१६ च्या 'सैराट'मध्ये आमच्याच करमाळा तालुक्याचा मुलूख दिसतो. जातीने तोडलेल्या प्रेमाची कथा ज्याने इतक्या कळकळीने सांगितली, त्याने दुसऱ्या एका तोडलेल्या प्रेमाच्या कथेच्या पाठीशी उभे राहावे, हे मला सुसंगत वाटते. सगळ्यांना तसे वाटले नाही. पारावर बोलणी झाली. ती येथे सांगण्याजोगी नाहीत.

कायद्याविषयी दोन शब्द, कारण ऐकणाऱ्यांच्या मनात ते असणार. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम दोन प्रौढ पुरुषांच्या परस्परसंमतीच्या संबंधालाही गुन्हा ठरवी. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तेवढा भाग घटनाबाह्य ठरविला. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. तो विषय विधिमंडळांचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. जपानातही देशव्यापी कायद्याने असा विवाह मान्य नाही, जरी साप्पोरोच्या न्यायालयाने २०२१ साली ही मनाई घटनेशी विसंगत आहे असे म्हटले आणि कित्येक नगरपालिका अशा जोडप्यांस दाखले देतात. शाळकरी वयाचा प्रश्न याहून निराळा. आपल्याकडे अठरा वर्षांखालील मुलांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा आहे, तो मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही, आणि तो असलाच पाहिजे. परंतु खांद्यावर टेकलेल्या डोक्याची फिर्याद घ्यावी, असे त्या कायद्यातही कोठे म्हटलेले नाही.

नात पुण्यास परत जाण्याच्या दिवशी मी तिला पोहोचवावयास स्टेशनवर गेलो. फलाट आता निराळा आहे, दिवे पांढरे झाले आहेत. आम्ही ज्या खांबाखाली बसत होतो तो शोधून सापडला नाही. गाडीला वेळ होता. मी तिला फळ्याची गोष्ट सांगितली. तिने मध्ये काही विचारले नाही. गाडीची घोषणा झाली तेव्हा ती पिशवी उचलता उचलता म्हणाली, "आबा, त्या दोघांची नावं काय होती?"

मी सांगितली. पन्नास वर्षांत ती दोन नावे एकापाठोपाठ एक मी प्रथमच उच्चारली. तिने ती एकदा हळूच म्हणून पाहिली, आणि पुस्तक माझ्या हातात ठेवून डब्यात चढली. उत्तरार्धाचे दोन भाग ती पुढच्या सुटीत आणणार आहे.